शोभेला ठेवलेली पुडी

मित्रांनो, नव्या बुटांचे खोके उघडले की तुम्ही बूट काढता, कागद फाडता आणि तळाशी पडलेल्या लहानशा पुडीकडे बघून म्हणता, "हे काय आता? टाका ते." आम्हाला खायचे नसते, एवढेच आमच्याबद्दल जगाला ठाऊक आहे. आमच्या पोटावर ते ठळक अक्षरांत छापलेलेही असते. जणू काही सगळे जग चमचे घेऊन आमच्यासाठी रांगेत उभे आहे! पण आम्ही काम काय करतो, हे कुणी छापत नाही आणि कुणी विचारतही नाही. म्हणून आज मीच बोलायचे ठरवले आहे. मी रागावलेली आहे हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की पुडी फार तोडून बोलली.

मी एक जुनी पुडी आहे, हवेतली ओल पिणारी. माझ्या पोटात माती आहे. पण कुठलीही माती नव्हे, पाण्यात फुगणारी चिकणमाती. तिच्या प्रत्येक खड्यात बारीक बारीक पापुद्रे असतात आणि त्यांच्या फटींत ओल शिरते नि तिथेच बसून राहते. माझ्या अंगावर मांजरपाटाचे दुहेरी कापड आहे. मांजराचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते नुसते जाडेभरडे सुती कापड असते. दुहेरी अशासाठी, की मातीचा कणभर धुरळाही बाहेर येऊ नये, कारण माझे काम भिंगांच्या शेजारी बसण्याचे. माझ्यात प्लॅस्टिक नाही. पोट भरले की मला भट्टीत भाजायचे, की मी पुन्हा कोरडी, पुन्हा तहानलेली. आणि अगदीच कामातून गेले, तर कुंडीत फोडून टाकायचे. माती मातीत जाते आणि कापडही कुजून जाते. जगात किती जणांचा शेवट इतका स्वच्छ होतो, सांगा बरे!

माझा जन्म शाळांसाठी सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात झाला. पुढच्या बाजूला मालकांची खोली आणि पाहुण्यांना बसायची जागा. मधे भिंगे घासण्याची खोली, जिथे सगळे हळू चालतात आणि शिंक आली तर पळत बाहेर जातात. मागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आमची भट्टी. ही भट्टी गेली बावीस वर्षे एकाच बाईच्या हाताखाली होती. सगळे त्यांना मावशी म्हणत. मालकही मावशी म्हणत आणि मालकांना कारखान्यात सगळे साहेब म्हणत.

मावशींनी मला कशी घडवली ते ऐका. आधी चिकणमाती वाळवून फोडली, मग दोन चाळण्यांतून चाळली. वरचे ढेकूळ परत फोडायला, खालचा धुरळा बाहेर, मधले मोहरीहून थोडे मोठे दाणे माझ्यासाठी. ते थैलीत भरले. मग भट्टीत दिवसभर मंद आच. पाणी उकळते त्याहून थोडी जास्त, पण फार नाही. फार तापले की माती मरते, मग ती ओल पीत नाही. भट्टीतून काढल्याबरोबर मावशींनी मला काट्यावर ठेवले, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या कोपऱ्यावर लिहिले, '४०'. ते माझे कोरडे वजन. चाळीस ग्रॅमची मी, दहा ग्रॅम ओल पिऊ शकते. पन्नास भरले की माझे पोट तुडुंब. मग मी काम करत नाही, कितीही रागावा.

वजन झाले की मी रबरी कडीच्या झाकणाच्या डब्यात गेले. मावशींचा नियमच होता. "भट्टीतनं डब्यात, डब्यातनं पेटीत. मधे हवा खायची नाही," असे त्या प्रत्येक घाण्याला म्हणत. नव्या माणसांना वाटे, बाई पुड्यांशी बोलतात. बोलत असत, खरेच. पण त्या नियमात गंमत नव्हती. माती काही विचारून पीत नाही. ती पेटीत असो, टेबलावर असो नाहीतर कुणाच्या खिशात असो, हवा लागली की ती प्यायला लागते. म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत मला ठेवायचे ते अगदी शेवटी. झाकण लागायच्या आधी पॅकिंगवाली ताई डब्यात हात घालून पुडी काढी, पेटीत ठेवी, डबा लगेच बंद करी आणि पेटीच्या फटीवर चिकटपट्टी ओढी. हे सारे दहा अंक मोजेपर्यंत व्हायचे.

माझी कामाची वर्षे फार चांगली गेली. मी एका पेटीतून दुसऱ्या पेटीत, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरले. दर वर्षी सूक्ष्मदर्शक साफसफाईला परत येत, त्यांच्याबरोबर मीही येई. मावशी मला हातात घेऊन नुसत्या वजनाने ओळखत, "ही दमली गं," म्हणत आणि भट्टीत सरकवत. अशी मी सोळा वेळा भाजले गेले. कापडाचा रंग गेला, पेन्सिलीचा आकडा दोनदा गिरवावा लागला, पण माझ्या शेजारच्या एकाही भिंगाला कधी बुरशी धरली नाही. भिंगे घासणारे म्हातारे कारागीर, ज्यांना सगळे भिंगदादा म्हणत, ते साफसफाईच्या वेळी भिंग उजेडाकडे धरून म्हणायचे, "मावशी, तुमच्या पुड्यांनी माझं काम कमी केलं हो." तेवढे कौतुक मला पुरत होते.

पण मित्रांनो, कौतुकालाही प्रमाण असावे. आमचे वाटोळे कौतुकानेच केले.

झाले असे, की पर्यावरणाची काळजी घेणाऱ्या कारखान्यांची पाहणी करायला काही पाहुणे येणार होते. साहेब हुरळून गेले. माणूस वाईट नाही. नव्या गोष्टींचा त्यांना खरा उत्साह. पण उत्साहाच्या भरात ऐकायचे राहून जाते. ते शेडमध्ये आले आणि म्हणाले, "मावशी, आपल्या मातीच्या पुड्या हीच तर आपली शान आहे. समोर मांडूया."

"मांडा की. डबाच ठेवा टेबलावर," मावशी म्हणाल्या.

"पत्र्याचा डबा काय बघायचा? लोकांना पुड्या दिसायला हव्यात, हातात घेता यायला हव्यात."

आणि एका डब्यातल्या आम्ही बत्तीसजणी काचेच्या मोठ्या उघड्या भांड्यात जाऊन बसलो. भांड्याखाली हिरवे कापड, शेजारी पाटी: 'मातीतून आलेली, मातीत जाणारी'. मावशींनी एकदा सांगून पाहिले, "साहेब, हवा लागेल त्यांना." साहेब हसून म्हणाले, "लागू दे की. हवा खातील जरा." पालथ्या घड्यावर पाणी!

पाहुणे चार दिवस उशिरा आले. दोन दिवस राहिले. मग त्यांचे फोटो निघाले, मग आणखी कुणीतरी बघायला आले. एकूण आठ दिवस आम्ही त्या भांड्यात होतो. बाहेर अवकाळी पावसाचे आभाळ भरलेले, भिंतींना दमट वास, टेबलाचा ड्रॉवर फुगून उघडेना. ड्रॉवरला कळत होते, साहेबांना कळत नव्हते! पाहुणे आम्हाला उचलत, गालाला लावत, "किती छान, किती साधं," म्हणत. आणि मी पीत होते. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस, मग सत्तेचाळीस. पाचव्या दिवशी माझे पोट भरले. त्यानंतर मी फक्त शोभेची होते.

आठव्या दिवशी सकाळी मावशी रिकामा डबा घेऊन आल्या. आम्हाला परत भाजायला नेणार, म्हणून मला हायसे वाटले. तेवढ्यात साहेब आले.

"या पुड्या पॅकिंगला द्या. बत्तीस पेट्या आजच निघायच्यात, नऊ शाळांच्या."

"द्यायच्या आहेत तर उद्या देते. आज भट्टीत घालते, उद्या सकाळी गरम गरम घ्या."

"परत कशाला भाजायच्या? वापरल्यात कुठे? कोऱ्या आहेत त्या. भांड्यात तर ठेवल्या होत्या!"

"साहेब, भांडं काय आणि पेटी काय, पुडीला कळतं का? भरल्यात त्या. हातात घेऊन बघा."

"मला तर आहे तशीच वाटते," साहेब मला तळहातावर उडवत म्हणाले. "मावशी, गाडी उभी आहे. मी सांगतोय ना."

मावशींनी डबा खाली ठेवला. "मग माझ्या नावावर पाठवू नका," एवढे म्हणाल्या आणि शेडमध्ये गेल्या. पॅकिंगवाल्या ताईने एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा मावशींच्या पाठीकडे, आणि आम्हाला एकेक करून पेट्यांत ठेवले. तिने मला आधी हातात तोलले, हे मी पाहिले आहे. पण तोलून काय उपयोग? पेटीला चिकटपट्टी तर लागलीच.

जे वापरले नाही ते कोरे! शिकल्यासवरल्या माणसाचा हा हिशेब. अहो, उघड्यावर ठेवलेली पोळी कुणी खाल्ली नाही म्हणून ताजी राहते का?

माझी पेटी एका शाळेत गेली. प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटात, खालच्या खणात, भिंतीला लागून. शाळेला सुट्टी लागली आणि दोन महिने ते कपाट कुणी उघडले नाही. ते दोन महिने मी विसरणार नाही. भिंतीतली ओल कपाटात येत होती, कपाटातून पेटीत येत होती आणि मी तिथे बसून होते, पन्नास ग्रॅमची, तुडुंब भरलेली, एक थेंबही घेऊ न शकणारी. दुपारी कपाट तापले की उलट माझ्याच पोटातली थोडी ओल सुटायची. ज्याचे रक्षण करायला मला पाठवले, त्यालाच मी भिजवत होते. पहारेकऱ्याचे हातपाय बांधून त्याला दारात उभे करावे, तशी माझी गत.

आधी भिंगाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग त्याला पाय फुटले. मग बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरले. ती बुरशी होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर वाढली.

शाळा उघडली. विज्ञानाच्या बाईंनी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला आणि मुलांना एकेक करून बघायला सांगितले. मुलांनी बघितले, वहीत चित्र काढले. एका मुलीने कांद्याच्या पेशींवर जाळे काढले. बाईंनी चित्रावर फुली मारली. "कांद्यात असं काही नसतं. नीट बघ."

"नीटच बघितलं, बाई. जाळं आहे."

बाईंनी काचपट्टी बदलून पाण्याचा थेंब ठेवला. मुलगी पुन्हा बघून म्हणाली, "याच्यातपण तेच जाळं आहे." वर्ग हसला. मुलगी रडकुंडीला आली, पण जागेवरून हलली नाही. तिने डोळ्याजवळची नळी हळूच फिरवली आणि ओरडली, "बाई, मी नळी फिरवली की जाळं पण फिरतंय! ते कांद्यात नाहीच, यंत्रात आहे!"

बाईंनी स्वतः डोळा लावला. नळी फिरवली. मग त्या सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "चुकलं माझं. तिला बरोबर दिसत होतं, मीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही." आणि त्यांनी मुलीच्या वहीतली फुली खोडून तिथे सही केली. अर्ध्या मिनिटाचे काम! मी पेटीत पडल्या पडल्या ऐकत होते. चूक कबूल करायला किती वेळ लागतो, हे मी त्या दिवशी पाहिले. म्हणूनच पुढे जे घडले, त्याचा मला इतका संताप येतो.

बाईंनी तक्रार लिहून सूक्ष्मदर्शक पेटीसकट परत पाठवला. इतर शाळांचेही आले. बत्तीसपैकी एकोणीस पेट्या पॅकिंगच्या टेबलावर रांगेने लागल्या. भिंगदादांनी एकेक भिंग उजेडाकडे धरले. अकरा भिंगे पुसून साफ झाली. आठ भिंगांवर बुरशीने काचच खाल्ली होती. दादा ती एकेक करून फडक्यावर मांडत गेले. महिना महिना घासलेली भिंगे ती.

आता साहेबांनी काय करावे? त्यांनी नऊ शाळांना पत्र पाठवले. त्या पत्रात लिहिले, की 'पॅकिंगमधील नैसर्गिक पुड्या अपेक्षेप्रमाणे टिकल्या नाहीत. भट्टीवरील कामगाराच्या हयगयीमुळे त्या नीट भाजल्या गेल्या नव्हत्या. यापुढे आधुनिक पुड्या वापरल्या जातील. जुन्या पुड्या कृपया कचऱ्यात टाकाव्यात.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. ज्या बाईने "पाठवू नका" म्हटले, तिच्याच डोक्यावर खापर! आणि आम्ही? ज्यांच्याबरोबर फोटो काढले, त्या आम्ही आता कचरा.

चार दिवसांनी नव्या पुड्यांचे खोके आले. प्लॅस्टिकच्या पारदर्शक अंगरख्यात काचेसारखे खडे. या नव्या पाहुण्यांवर माझा राग नाही. तेही बिचारे ओल पितात आणि त्यांचे खडे भाजताही येतात. पण अंगरखा भट्टीत वितळतो, म्हणून कुणी भाजत नाही. एकदा वापरायचे आणि फेकायचे. महिनाअखेरीस भट्टी बंद होणार, असे मावशींना सांगण्यात आले. पत्राचे मात्र त्यांना कुणी सांगितले नाही.

ते त्यांना घरी कळले. त्या दिवशी सकाळी मावशी शेडमध्ये आल्या आणि भट्टी न पेटवताच स्टुलावर बसल्या. ताई चहा घेऊन आली.

"काय झालं, मावशी?"

"माझी नात त्या नऊ शाळांतल्या एका शाळेत आहे. प्रयोगशाळेच्या फलकावर पत्र लावलंय म्हणे. तिनं वाचलं. काल घरी येऊन विचारते, 'आजी, हयगय म्हणजे काय गं?'" मावशींनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "भट्टीवर दुसरं कोण आहे इथं? तिला ठाऊक आहे भट्टीवर आजी असते. काय सांगू मी तिला? बावीस वर्षांत एक घाणा कच्चा काढला नाही मी."

ताईने मान खाली घातली. "मी ठेवल्या त्या पेटीत. मी बोलायला हवं होतं."

"तेव्हा नाही बोललीस. आता बोलशील?"

ताईने मान वर केली. मग म्हणाली, "बोलेन."

मावशी तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. मी त्यांच्या पदराच्या गाठीत होते. एकोणीस पेट्यांतून त्यांनी मलाच का उचलले, ठाऊक नाही, बहुधा माझा गिरवलेला आकडा ओळखीचा वाटला असावा.

"साहेब, भट्टी बंद करायची तर करा. कारखाना तुमचा. पण पत्र दुरुस्त करा."

"मावशी, पत्रात तुमचं नाव नाही."

"नाव नसलं म्हणून काय झालं? माझ्या नातीला कळलं, आणखी कुणाला कळायचं राहिलंय?"

"अहो, माती ती माती. ती काय ओल ओढणार? चूक झाली, विषय संपला. उगाच ताणू नका."

उचलली जीभ लावली टाळ्याला! सोळा वेळा भाजून सोळा वर्षे काम केलेल्या माझ्यासमोर हा माणूस म्हणतो, माती काय ओल ओढणार. मला उडी मारून त्यांच्या चहात पडावेसे वाटले. सगळा चहा पिऊन दाखवला असता!

मावशींनी आवाज चढवला नाही. त्यांनी मला टेबलावर ठेवले. "ही तुमच्या त्या भांड्यातली. उद्या सकाळी मी हिला भाजून आणते. तुमच्या टेबलावर, त्याच भांड्यात ठेवते. शेजारी तुमची नवी पुडी ठेवते, आत्ता पाकिटातनं काढलेली. पाच दिवस कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी ताई वजन करेल आणि सगळ्यांसमोर वाचेल. माती ओढत नसेल, तर मी स्वतः पत्र लिहून देते की हयगय माझीच."

साहेब हसले. "बरं. होऊन जाऊ दे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. सतरावी भाजणी होती माझी. कापड विरलेले, माती जुनी. मी थकून गेले असेन तर? बावीस वर्षे भट्टी सांभाळलेल्या बाईची अब्रू चाळीस ग्रॅमवर तोललेली होती, आणि ते चाळीस ग्रॅम म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी भट्टीतून काढलेली मी काट्यावर बसले. ताईने वाचले, "चाळीस." आकडा कोपऱ्यावरच्या पेन्सिलीशी जुळला. म्हणजे आधी प्यायलेली सगळी ओल निघून गेली होती; माती अजून पिते का, हे कळायचे होते. मग मी भांड्यात, माझ्या शेजारी प्लॅस्टिकवाला पाहुणा, आणि बाहेर तसेच भरलेले आभाळ.

दुसऱ्या सकाळी ताईने वाचले, "चव्वेचाळीस." भिंगदादा घासकाम सोडून दारात येऊन उभे राहिले होते. तिसऱ्या सकाळी, "सत्तेचाळीस." पाहुणाही जड झाला होता, त्याचा आकडाही रोज चढत होता. साहेब म्हणाले, "हवा फार दमट आहे हो सध्या."

"तेव्हा कुठे कोरडी होती?" भिंगदादा म्हणाले.

चौथ्या सकाळी एकोणपन्नास. पाचव्या सकाळी ताईने मला काट्यावर ठेवले, थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "पन्नास." मग कुणी न विचारता पुढे बोलली, "त्या दिवशी मी पेटीत ठेवल्या, तेव्हा त्या अशाच जड होत्या. मावशी नको म्हणत होत्या. मी ऐकलं होतं."

मावशींनी मला काट्यावरून उचलले आणि साहेबांच्या तळहातावर ठेवले.

"ही पाच दिवस भांड्यात होती. कुणी वापरली नाही. आता सांगा साहेब, ही कोरी आहे का? असेल तर ठेवा पेटीत."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या हाताला घाम आला होता. तो मला पिता आला नाही, जागाच नव्हती. शेवटी ते म्हणाले, "भट्टी चालू राहील, मावशी."

"भट्टीचं मी विचारलंच नाही. पत्राचं काय?"

"पाठवतो. आज पाठवतो."

"आत्ता लिहा. मी उभी आहे."

साहेबांनी कागद ओढला. लिहू लागले. मावशी शेजारी उभ्या राहून अक्षर अक्षर वाचत होत्या. पहिले वाक्य झाले: 'काही तांत्रिक कारणांमुळे पुड्या ओलावा शोषू शकल्या नाहीत.'

मावशींनी त्या ओळीवर बोट ठेवले. "साहेब, तांत्रिक कारण म्हणजे कोण?"

साहेबांनी वर पाहिले. दारात भिंगदादा होते, ताई होती, पण त्यांच्याकडून सुटका नव्हती. त्यांनी ती ओळ खोडली. बराच वेळ पेन कागदावर तसेच टेकलेले राहिले, शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी लिहिले: 'पुड्या नीट भाजलेल्या होत्या. मी त्या आठ दिवस उघड्यावर मांडल्या आणि भट्टीवरच्या मावशींनी नको म्हटले असतानाही तशाच पाठवल्या. चूक माझी आहे. त्यांच्याबद्दल लिहिलेले खोटे होते.' खाली सही केली.

मावशींनी ते दोनदा वाचले. "याच्या नऊ प्रती काढा," असे ताईला म्हणाल्या, "आणि फलकावर लावा असं खाली लिहा." मग डोळ्यांना पदर लावून त्या शेडकडे गेल्या. त्या रडल्या. मला आवडले नाही. रडायला हवे होते ते दुसऱ्या कुणीतरी.

नऊ पत्रे गेली. पण पहिले पत्र आधी पोचले होते, मित्रांनो. बत्तीसजणींपैकी तेराजणी शाळांतच राहिल्या होत्या, आणि 'कचऱ्यात टाकाव्यात' हे वाचून त्या खरोखर कचऱ्यात गेल्या. त्यांच्यात काही दोष नव्हता. एका दिवसाच्या मंद आचेत त्या पुन्हा उभ्या राहिल्या असत्या. आठ भिंगेही परत येणार नाहीत. खोटे पत्र मागे घेता येते, त्याने केलेले नुकसान मागे घेता येत नाही.

म्हणून माझी तुमच्याकडे मागणी आहे. विनंती म्हणत नाही, मागणी म्हणते. खोक्यात पुडी सापडली, तर फेकण्याआधी मोठ्या माणसांना विचारा, हिला वाळवून परत वापरता येईल का? वापरता येत असेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शोभेला मांडू नका. आमचे कौतुक करायचे असेल, तर आम्हाला काम करू द्या. आणि काही बिघडले, तर जो सगळ्यात खाली, सगळ्यात मागच्या शेडमध्ये उभा आहे, त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःला विचारा, त्याने नको म्हटले होते का? मी काय ऐकले नव्हते?

चूक झाली असेल, तर ताबडतोब सांगा. फार अवघड नसते ते; त्या विज्ञानाच्या बाईंनी अर्ध्या मिनिटात सांगितले. आम्हा पुड्यांचे तोंड शिवून टाकलेले असते. तुमचे तर उघडे आहे.